आकाशाची पोथी आणि तिचे वाचक

शास्त्र आणि वाङ्मय यांचा संबंध कोणता, असा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे दोनच उत्तरें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, शास्त्रानें सृष्टीचें कौतुक वाढविलें आणि कवीस नवे विषय दिले. दुसरा म्हणतो, शास्त्रानें चंद्राचा धोंडा केला आणि कवीच्या तोंडचा घांस हिरावून घेतला. दोन्ही उत्तरें आम्हांस वरवरचीं वाटतात. टीकाकार ज्याप्रमाणें समोरच्या ग्रंथाचा अर्थ लावतो, त्याप्रमाणेंच आजचा खगोलशास्त्रज्ञ अंतराळांतून आलेल्या नोंदींचा अर्थ लावीत असतो. आणि अर्थ लावण्याचे जे गुणदोष टीकाकाराच्या ठिकाणीं असतात तेच त्याच्याही ठिकाणीं दिसून येतात. खरा संबंध असेल तर तो येथें आहे. म्हणून या शोधांचें परीक्षण करण्याचा थोडासा अधिकार वाङ्मयाच्या अभ्यासकासही पोंचतो, असें समजून आम्ही हा लेख लिहीत आहों. गणिताचा निवाडा गणित्यांनींच करावा. वाचनाचा निवाडा मात्र आम्हांसही करतां येईल.

प्रथम ही पोथी कशी असते तें पाहूं. अंतराळांतील दुर्बिणीस डोळा लावून कोणी बसलेला नसतो, ही साधी गोष्ट सुशिक्षित माणसांच्याही ध्यानांत नसते. जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजीं अंतराळांत सुटली. साडेसहा मीटर रुंदीचा तिचा आरसा पृथ्वीपासून सुमारें पंधरा लक्ष किलोमीटरांवर अवरक्त प्रकाश गोळा करतो, आणि आपल्याकडे येतात ते केवळ आंकडे: अमुक क्षणीं, अमुक लांबीच्या लहरींचा, अमुक इतका प्रकाश. तिचीं म्हणून जीं मनोहर चित्रें आपण पाहतों, त्यांतील रंग माणसांनीं नेमून दिलेले असतात. कारण मूळ अवरक्त प्रकाश मानवी डोळ्यास दिसणाराच नव्हे. शिवाय या आंकड्यांत ताऱ्याच्या खुणांबरोबर यंत्राच्याही खुणा मिसळलेल्या असतात. आपल्या जुन्या पोथ्यांत कवीच्या शब्दांबरोबर लेखनिकांचे हस्तदोष उतरतात, त्यांतलाच हा प्रकार. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां मूळचें कोणतें आणि मागाहून घुसलेलें कोणतें हें ठरविणें त्यांस प्रथम भाग पडलें. वेबच्या आंकड्यांपुढें बसलेल्या संशोधकाचेंही पहिलें काम तेंच असतें. अर्थाची गोष्ट त्यानंतरची.

चांगल्या वाचनाचा नमुना म्हणून आम्ही शुक्राचें उदाहरण घेतों. शुक्रावर दाट ढगांचें आवरण असल्यानें वरून पाहणाऱ्या साध्या कॅमेऱ्यास तेथील भूमि दिसत नाहीं. मॅगेलन यान १९९० च्या ऑगस्टांत शुक्राभोंवतीं फिरूं लागलें आणि रडारच्या साहाय्यानें त्यानें त्या ग्रहाचा सुमारें ९८ टक्के पृष्ठभाग टिपून घेतला. १९९४ सालीं यानाचा शेवट झाला, नोंदी राहिल्या. शुक्रावरील ज्वालामुखी अद्याप जागृत आहेत कीं नाहींत हा वाद पुढें कित्येक वर्षें चालूं होता, आणि त्या वादांतील एक महत्त्वाचा पुरावा या नोंदींतच पडून होता. अलास्का विद्यापीठाचे रॉबर्ट हेरिक यांनीं निरनिराळ्या फेऱ्यांत टिपलेलीं एकाच प्रदेशाचीं चित्रें शेजारीं ठेवून सुमारें दोनशें तास स्वतःच्या डोळ्यांनीं ताडून पाहिलीं. माट मॉन्स नांवाच्या पर्वतावरील एक मुख १९९१ च्या फेब्रुवारींत जवळजवळ वाटोळें व सुमारें २.२ चौरस किलोमीटरांचें होतें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तें वेडेंवांकडें होऊन सुमारें ४ चौरस किलोमीटरांचें झालेलें दिसलें.

उतावळा वाचक येथेंच थांबून दवंडी पिटता. परंतु हीं दोन चित्रें दोन विरुद्ध बाजूंनीं घेतलेलीं होतीं, आणि पाहण्याची दिशा पालटली म्हणजे रडारच्या चित्रांत वस्तूचा आकारही पालटल्यासारखा भासतो. म्हणून हेरिक यांचे सहकारी स्कॉट हेन्सली यांनीं निरनिराळ्या घडणीचीं मुखें संगणकावर रचून तीं त्या त्या दिशेनें कशीं दिसलीं असतीं याची परीक्षा केली. फरक दिशेचा नसून भूमीचाच आहे अशी खात्री पटल्यावर २०२३ च्या मार्चमध्यें निबंध प्रसिद्ध झाला. आणि तेव्हांही, एका मुखावरून सबंध ग्रहाविषयीं फार बोलतां येत नाहीं, हें सांगण्यास लेखक विसरले नाहींत. पुढच्याच वर्षीं इटलींतील संशोधकांनीं त्याच जुन्या नोंदी चाळून आणखी दोन ठिकाणीं लाव्ह्याचे नवे ओघ दाखविले. या निबंधाची थोरवी आम्हांस त्यांतील बातमीपेक्षां त्याच्या रीतींत दिसते. आपल्या वाचनाविरुद्ध जो सर्वांत बळकट आक्षेप येऊं शकेल, तो वाचकानें स्वतःच उभा केला, आणि त्यास उत्तर मिळेपर्यंत लेखणी आवरली.

कधीं कधीं वाचकाचा दोष नसतो. कोशांत एक शब्दच नसतो. १९७६ सालीं व्हायकिंग यानें मंगळावर उतरलीं. तेथील मातींत किरणोत्सारी कार्बन मिसळलेलें पोषक द्रव घालतांच वायु बाहेर पडला, व गिल्बर्ट लेव्हिन यांस तें जीवाचें चिन्ह वाटलें. पण माती तापवून तींतील वायूंचें पृथक्करण करणाऱ्या दुसऱ्या यंत्रास सेंद्रिय द्रव्य म्हणून जें कांहीं मिळालें तें क्लोरीनयुक्त अशा दोन साध्या संयुगांचा केवळ लवलेश. आणि तोही पृथ्वीवर यंत्र धुतांना राहिलेला मळ असावा असें ठरविण्यांत आलें. सेंद्रिय द्रव्यच नाहीं तर जीव कोठला? पुढें २००८ सालीं फीनिक्स यानास मंगळाच्या मातींत परक्लोरेट नांवाचे क्षार सांपडले. २०१० सालीं मेक्सिकोंतील राफाएल नाव्हारो-गोंझालेस व त्यांचे सहकारी यांनीं आटाकामाच्या वाळवंटांतील माती परक्लोरेट मिसळून तापविली, तों सेंद्रिय द्रव्याचा नाश होऊन नेमकीं तींच दोन संयुगें निघालीं. ज्यास चौतीस वर्षें मळ म्हटलें तोच कदाचित् मंगळाचा शब्द असावा! येथें यंत्राच्या नोंदींतील एक अक्षरही बदललें नाहीं. बदलला तो वाचकाजवळचा कोश. लेव्हिन यांचा जीवाविषयींचा दावा मात्र यानें सिद्ध झाला नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. सेंद्रिय द्रव्य असणें आणि जीव असणें यांत फार मोठें अंतर आहे.

युरेनसाची कथा संदर्भाची आहे. त्या ग्रहाजवळ आजवर एकच यान गेलें आहे: व्हॉयेजर-२, तेंही २४ जानेवारी १९८६ रोजीं, जातां जातां. त्या भेटींत ग्रहाचें चुंबकीय आवरण विद्युद्भारित कणांच्या वायूनें जवळजवळ रिकामें, आणि तरीही त्यांतील किरणोत्साराचे पट्टे अति तीव्र, असें विचित्र दिसलें, व तेंच पाठ्यपुस्तकांत गेलें. २०२४ सालीं जेमी जासिन्स्की आणि त्यांचे सहकारी यांनीं त्या भेटीच्या आधींच्या दिवसांतील नोंदी पुन्हां वाचल्या. यान पोंचण्याच्या थोडेंच आधीं सूर्याकडून येणाऱ्या कणांचा झोत बळावून त्यानें तें आवरण दाबून टाकलें होतें. अशी अवस्था शंभरांत सुमारें चार वेळांच येते. म्हणजे एखाद्याच्या घरीं नेमकें गडबडीच्या दिवशीं जाऊन, हें घर नेहमींच असें असतें, असा समज आपण जवळजवळ चार दशकें बाळगला. एका ओवीवरून कवीचा स्वभाव ठरविणाऱ्या टीकाकारांनीं हें उदाहरण लिहून ठेवावें.

आपल्या देशाच्या खात्यावरही असें वाचन जमा आहे. चांद्रयान-१ वर बसविलेल्या अमेरिकन उपकरणाच्या नोंदींत चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या व त्याच्या जवळच्या संयुगाच्या खुणा दिसल्या, हें २००९ च्या सप्टेंबरांत जाहीर झालें. चंद्र कोरडा ठणठणीत आहे ही समजूत इतकी दृढ होती कीं, संशोधकांनीं प्रथम आपल्या यंत्रावरच संशय घेतला व दुसरे साक्षीदार शोधले. त्यांतील एक साक्षीदार दहा वर्षांपूर्वींचा निघाला. शनीकडे जाणारें कॅसिनी यान १९९९ सालीं चंद्राजवळून गेलें होतें आणि तीच खूण त्याच्या नोंदींत उमटलेली होती. दुसरें उदाहरण पुण्याचें. भारताच्या ॲस्ट्रोसॅट या वेधशाळेवरील अतिनील दुर्बिणीनें २०१६ च्या ऑक्टोबरांत अठ्ठावीस तासांहून अधिक वेळ आकाशाचा एक लहानसा तुकडा न्याहाळला. त्यांत ९.३ अब्ज वर्षांपूर्वीं निघालेला एका दीर्घिकेचा अति-अतिनील प्रकाश होता. तो खरा कीं यंत्राचा भास, याची शहानिशा करण्यांत आयुकेंतील कनक साहा व त्यांचे सहकारी यांचीं जवळजवळ दोन वर्षें गेलीं. निबंध २०२० सालीं छापला गेला. दुर्बिणीचा आरसा अवघा सदतीस-अडतीस सेंटिमीटरांचा; पण तिच्या ग्राहकाचा स्वतःचा गोंगाट कमी, म्हणून हबलसारख्या मोठ्या दुर्बिणीस जें दिसलें नाहीं तें तिला दिसलें. मोठ्या आवाजापेक्षां शांत कान उपयोगी पडतो, हें येथें अक्षरशः खरें ठरलें.

आतां ज्या वाचनाविषयीं आम्हांस तक्रार करावयाची आहे त्याकडे वळूं. सिंह राशींत, १२४ प्रकाशवर्षांवर, के२-१८ नांवाचा एक मंद तांबडा तारा आहे. त्याचा एक ग्रह दर तेहतीस दिवसांनीं त्याच्यासमोरून जातो. त्या वेळीं ताऱ्याचा प्रकाश तीनशें भागांत एका भागाहूनही कमी घटतो. आणि ग्रहाभोंवतीं वातावरण असेल तर ही घट निरनिराळ्या लहरींत किंचित् कमीअधिक होते. या ‘किंचित्’वरून तेथील वायु ओळखावयाचे! २०१९ सालीं हबलच्या नोंदींवरून दोन संशोधक-गटांनीं तेथें पाण्याची वाफ असल्याचें वाचलें, आणि वर्तमानपत्रांनीं दूरच्या जगांत पाऊस पाडला. २०२३ सालीं वेबच्या अधिक विस्तृत वर्णपटांत मिथेन व कार्बन डायऑक्साइड स्पष्ट दिसले. पाण्याची वाफ मात्र तशी दिसली नाहीं. हबल ज्या अरुंद पट्ट्यांत पाहत होती तेथें पाणी व मिथेन यांच्या खुणा एकमेकींत मिसळतात. पूर्वींची खूण मिथेनची असावी असें आतां दिसूं लागलें. इथवर कोणासही दोष देण्याचें कारण नाहीं. अपुऱ्या प्रतीवरून केलेला पाठ पुरी प्रत मिळाल्यावर सुधारला गेला, इतकेंच.

परंतु २०२५ च्या एप्रिलमध्यें केंब्रिजचे निक्कु मधुसूदन व त्यांचे सहकारी यांनीं वेबच्या दुसऱ्या उपकरणाच्या नोंदींवरून असें मांडलें कीं, तेथें डायमिथिल सल्फाइड किंवा त्याच्या जातीचें दुसरें संयुग असण्याचीं चिन्हें दिसतात. पृथ्वीवर हा वायु मुख्यतः समुद्रांतील सूक्ष्म जीवांपासून निघतो. मूळ निबंधांत सावधगिरीचीं वाक्यें होतीं आणि आणखी वेध घेतले पाहिजेत असेंही म्हटलें होतें. परंतु त्याबरोबर जें प्रसिद्धिपत्रक निघालें त्यानें, सौरमालेबाहेरील जीवक्रियेचें आजवरचें सर्वांत बलवान सूचन म्हणून या शोधाची ओळख करून दिली. सावधगिरी निबंधांत राहिली आणि मथळा जगभर गेला.

या मथळ्यांबरोबर एक आंकडाही फिरला, व त्याचा अर्थ फारच थोड्यांनीं नीट लावला. चिन्ह केवळ योगायोगानें उमटण्याचा संभव हजारांत तीन, असें तें प्रमाण होतें. यावरून पुष्कळांनीं समजूत करून घेतली कीं, तेथें जीव असण्याचा संभव हजारांत नऊशें सत्याण्णव आहे. हा अर्थाचा अनर्थ आहे. तो आंकडा एवढेंच सांगतो कीं, हे वायु तेथें नाहींत असें धरलें, आणि संशोधकांनीं मांडलेली वातावरणाची कल्पना इतर बाबतींत बरोबर आहे असेंही धरलें, तर असें चिन्ह उमटणें इतकें दुर्मिळ होय. येथें सगळें ओझें दुसऱ्या ‘धरलें’वर आहे. पदार्थविज्ञानांत ‘शोध’ हा शब्द वापरण्यापूर्वीं जें प्रमाण मागतात तें दहा लक्षांत एकाहूनही कमी संभवाचें असतें, हीही गोष्ट त्या मथळ्यांत नव्हती.

नोंदी लौकरच सर्वांस मिळाल्या व इतर वाचक पुढें आले. ऑक्सफर्डच्या एका संशोधकानें दाखविलें कीं, हे आंकडे एका सरळ रेघेशींही विसंगत नाहींत. म्हणजे तेथें निश्चित असें कोणतेंच अक्षर नसेल. दुसऱ्यांनीं इतर कितीतरी संयुगें तुलनेस घेतलीं, तों त्यांपैकीं पुष्कळांनीं तो पाठ तितकाच चांगला जुळूं लागला. आणि आणखी एक गोष्ट: रोझेटा यानानें ज्या धूमकेतूचा पाठलाग केला त्याच्या नोंदी पुन्हां वाचतां २०२४ सालीं त्यांतही डायमिथिल सल्फाइड आढळलें होतें. धूमकेतूवर समुद्र नाहीं, आणि त्यांतील जीवही नाहींत. मग हा वायु म्हणजे जीवाची सही, असें कसें म्हणतां येईल? हेरिक-हेन्सली यांच्या निबंधाशीं येथें तुलना करून पाहावी. त्यांनीं प्रतिपक्ष आधीं स्वतः उभा केला होता. येथें जगासमोर गेलेल्या कथेंत प्रतिपक्षास जागाच नव्हती, व ती इतरांनीं मागाहून करून दिली. दोन वाचनांतील हा भेद आम्हांस बुद्धीचा वाटत नाहीं. तो शीलाचा भेद आहे, आणि त्यांत संशोधकांइतकाच, किंबहुना अधिक, वांटा त्यांच्या कीर्तीवर जगणाऱ्या संस्थांचा व वर्तमानपत्रांचा आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, धाडसी तर्कावांचून शास्त्र पुढें कसें जाईल? आम्ही तर्काच्या विरुद्ध नाहीं. लेव्हिन यांनीं आपलें मत २०२१ मध्यें मृत्यु येईपर्यंत सोडलें नाहीं, आणि त्यांच्या हट्टामुळेंच मंगळाच्या मातीचा प्रश्न जिवंत राहण्यास साहाय्य झालें. आपल्या जयंत नारळीकरांचेंच पाहा. फ्रेड हॉयल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनीं १९९३ सालीं विश्वरचनेची बहुमताहून निराळी उपपत्ति मांडली. कोबी यानानें मोजलेल्या वैश्विक प्रारणाचा जो अर्थ बहुतेक सर्व जग लावीत होतें, तो त्यांस मान्य नव्हता. बहुमतानें त्यांची उपपत्ति स्वीकारली नाहीं. २०२५ च्या मेमध्यें ते निवर्तले, तेव्हां त्यांच्याविषयीं विरुद्ध मताच्या लोकांसही आदर होता, याचें कारण त्यांनीं आपल्या तर्कास तर्क म्हणून आणि जगाच्या मतास जगाचें मत म्हणून समोरासमोर उभें केलें. तर्क करणें हा वाचकाचा हक्क आहे. तर्कास मूळ पाठ म्हणून छापणें हा अपराध आहे.

दुसरा आक्षेप घरोघरीं ऐकूं येतो: काल पाणी म्हणाले, आज मिथेन म्हणतात, उद्यां आणखी कांहीं म्हणतील, मग यांच्यावर विश्वास तो काय ठेवावा? या आक्षेपानें आम्हांस खरी चिंता वाटते, कारण मथळ्यांच्या उधळपट्टीची किंमत अखेर येथें द्यावी लागते. ज्यास तीनदां जीवसृष्टि सांपडल्याचें सांगितलें, तो चौथ्या वेळीं रोगाच्या सांथीविषयीं किंवा तापणाऱ्या हवेविषयीं शास्त्रज्ञांनीं दिलेला इशाराही हंसण्यावारीं नेईल. पण आक्षेपाचें उत्तर त्याच्या पोटांतच आहे. वाचन बदललें हें आपणांस कळलें तें कशामुळें? मूळ नोंदी जतन केल्या होत्या व त्या दुसऱ्यांस पाहतां येत होत्या म्हणून. वेबच्या बहुतेक नोंदी वेध घेणाऱ्याकडे फार तर वर्षभर राखून ठेवतात. पुढें त्या जगांतील कोणाही अभ्यासकास फुकट मिळतात. हबलचे वेध स्वतः घेणाऱ्यांनीं जितके निबंध लिहिले, त्यांहून अधिक निबंध आतां तिच्या जुन्या नोंदी वाचणाऱ्यांकडून दरवर्षीं येतात. ज्या विद्येंत परक्यास आपलें दप्तर तपासूं देतात, त्या विद्येवर विश्वास ठेवण्यास याहून बळकट कारण कोणतें हवें?

आणि येथें आम्हांस आपल्या घराकडे वळून पाहिल्यावांचून राहवत नाहीं. आपल्याकडे पोथ्या माळ्यावर कसर खात पडतात, पण दुसऱ्यास दाखविल्या जात नाहींत. कवीविषयीं एकदां कोणी वजनदार गृहस्थानें निकाल दिला कीं तो तीन पिढ्या पाठ्यपुस्तकांतून फिरतो. मूळ काव्य पुन्हां उघडून पाहणारास उद्धट म्हणतात. टीकाकार आपलें मत सांगतात, पण कोणती प्रत वाचली, कोणता भाग सोडला, आणि कोणती ओळ त्यांच्या मताविरुद्ध जाते, हें सांगत नाहींत. शुक्राच्या एका विवरासाठीं दोनशें तास खर्चणारा माणूस आमच्या या धंद्यास मोठाच धडा देऊन गेला आहे.

वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, यापुढें आकाशांतील एखाद्या अद्भुत शोधाची बातमी घरांत वाचली जाईल, तेव्हां मुलांनीं तीन प्रश्न विचारावेत व वडील माणसांनीं ते विचारूं द्यावेत. यंत्रानें प्रत्यक्ष काय नोंदलें? त्याचे दुसरे कोणते अर्थ संभवतात, आणि ते कोणीं तपासले? या नोंदी दुसऱ्या कोणास पाहावयास मिळाल्या काय? बातमींत उत्तरें नसतील तर ती आनंदानें वाचावी, पण निकाल राखून ठेवावा. आकाशाची पोथी कोठें जात नाहीं. आणि ज्याचें उत्तर आज कोणास सुचत नाहीं अशी एखादी ओळ, मॅगेलनच्या चित्रांप्रमाणें, आपल्या हातीं केव्हांच येऊन पडलेलीही असेल.